लसी पूर्ण होईपर्यंत थांबू नका: पावसाळ्यात घरी आलेलं आठ आठवड्यांचं पिल्लू

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याजवळच्या गावात अंगण असलेलं घर. जूनच्या मध्यावर आठ आठवड्यांचं गावठी पिल्लू आणलं, त्याची एक लस झाली आहे. डॉक्टरांनी सांगितलं आहे की सगळ्या लसी होईपर्यंत त्याला बाहेर जमिनीवर सोडू नका. आजोबा म्हणतात, फार लाडावलं तर राखण करणार नाही, गेटपाशी बांधा. पिल्लू पदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याला घाबरून सोफ्याखाली शिरतं, मुलांचे हात चावतं, घरभर शू करतं. शिकवायला सुरुवात कधी करायची?

आजच करायची, आणि सुरुवात जगाशी ओळख करून देण्यापासून करायची. 'बस' आणि 'ये' चार महिन्यांनी शिकवता येतं, चार वर्षांनीही येतं. ओळखीला मात्र मुदत आहे. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. त्यानंतर जे कधी पाहिलं-ऐकलं नाही ते धोक्याचं, असा त्याचा कल होत जातो. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या मध्याला यावर पद्धतशीर काम झालं. तिथे चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं पुढे माणसाळवणं अतिशय कठीण गेलं. तुमचं पिल्लू आठ आठवड्यांचं आहे, म्हणजे हातात चार ते सहा आठवडे उरले आहेत.

डॉक्टरांची भीती खोटी नाही. पार्व्हो हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो, मातीत कित्येक महिने टिकतो आणि लहान पिल्लाला काही दिवसांत मारू शकतो. लस एकदा देऊन का भागत नाही, तेही समजून घ्या. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते आणि तीच लसीला निकामी करते. ती कोणत्या पिल्लात कधी उतरेल ते बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली मात्रा, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, आणि शेवटची सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा: लसी सोळाव्या आठवड्याला संपतात आणि ओळखीची खिडकी चौदाव्या आठवड्याच्या आसपास मिटते. एकासाठी दुसरं थांबवून चालत नाही, दोन्ही एकत्रच करावं लागतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये हीच भूमिका घेतली: पहिली लस आणि जंताचं पहिलं औषध देऊन किमान सात दिवस झाले, की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला काळजी घेऊन इतरांमध्ये न्यायला हरकत नाही. त्या वाटेने गेलात तर डॉक्टरांचाही आक्षेप राहणार नाही. त्यांना फक्त विचारा, "उचलून नेलं तर चालेल ना?"

पाय कुठे टेकवायचे आणि कुठे नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. स्वतःच्या घराची फरशी चालेल. ज्या घरातल्या मोठ्या कुत्र्याच्या सगळ्या लसी झाल्या आहेत आणि ज्या अंगणात बाहेरची कुत्री येत नाहीत, तेही चालेल. रस्त्याची कड, मासळी बाजार, देवळाबाहेरचं मैदान, किनाऱ्यावरची वाळू, कचऱ्याच्या जवळपासची जागा नको. दवाखान्याची फरशी तर मुळीच नको, कारण आजारी कुत्री तिथेच येतात. तिथे मांडीवर जुना टॉवेल घ्या आणि तपासणीच्या टेबलावरही तोच अंथरा. बाहेरच्या चपला पायरीखालीच राहू द्या, विषाणू तळव्याला चिकटून घरात येतो.

गोव्यात आणखी एक गैरसमज होतो. इथे २०१३-१४ पासून रेबीजविरुद्ध मोठी लसीकरण मोहीम चालू आहे आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. त्यामुळे वाड्यावरच्या कुत्र्याच्या अंगावर रंगाचा ठिपका किंवा कानाला खाच दिसली की लोक म्हणतात, याला लस झालीय, खेळू दे. रंग म्हणजे रेबीजची लस, खाच म्हणजे नसबंदी. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांच्याशी दोन्हींचा संबंध नाही. ते कुत्रं कितीही गरीब स्वभावाचं असलं, तरी तुमच्या पिल्लाला त्याच्यापासून सध्या लांबच ठेवा. तुमच्या पिल्लाची रेबीजची लस तीन महिन्यांना येते, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीचीही चौकशी करा. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार पावसाळ्यात शेतातल्या आणि डबक्यातल्या पाण्यातून होतो, माणसालाही होतो.

मग ओळख करून द्यायची कशी? उचलून. पिल्लू काखेत किंवा छातीशी घ्या, छातीखाली एक हात आणि ढुंगणाखाली दुसरा. अंगावर हार्नेस आणि पट्टा असू द्या, कारण दचकलेलं पिल्लू हातातून उडी मारतं. कारमध्ये मांडीवर चालेल. स्कूटरच्या फूटबोर्डवर मोकळं ठेवू नका, पुढे खोल पिशवी किंवा झाकणाची टोपली बांधा. एका फेरीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आज बसस्टँडसमोर, पण रस्त्याच्या पलीकडून. उद्या शाळा सुटते तेव्हा फाटकापासून तीस पावलांवर. परवा फेरीबोटीच्या धक्क्यावर गाडीत बसून, काच अर्धी खाली करून. एका दिवशी फक्त घराच्या बाल्कांवावर (पुढच्या ओसरीवर) बसा आणि पदेर, मासेवाली, गॅसवाला, पोस्टमन, नारळ पाडायला आलेला माणूस यांना येऊ-जाऊ द्या. हेल्मेटवाला माणूस, रेनकोट घातलेली व्यक्ती, काठी टेकणारी म्हातारी, दाढीवाला, गणवेशातली मुलं, ओढत नेलेली ट्रॉली, गुरं, कोंबड्या, मांजर यांतलं काय राहिलंय ते भिंतीवरच्या कागदावर लिहीत गेलात की आठवड्याच्या शेवटी राहून गेलेलं लगेच दिसतं.

ओळख म्हणजे गाठभेट नव्हे. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पाहुणे येतात, पिल्लू एका हातातून दुसऱ्या हातात फिरतं, ते गप्प बसतं आणि सगळे म्हणतात, किती शहाणं आहे! गप्प बसलेलं पिल्लू निवांत असतंच असं नाही, पुष्कळदा ते भीतीने गोठलेलं असतं. खुणा बघा: जीभ नाकावरून फिरवणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपूट पोटाखाली, एक पाय उचललेला. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे एरवी झडप घालून खाणारं पिल्लू आवडीचा तुकडा नाकाशी धरला तरी खात नाही. तसं झालं की अंतर वाढवा, दहा पावलं, वीस पावलं, ते खाईपर्यंत. आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान बऱ्याच पिल्लांना एक नाजूक टप्पा येतो. त्या वेळचा एकच जोराचा धक्का वर्षानुवर्षं राहू शकतो. म्हणून सुरुवात लांबून आणि थोडक्यात.

माणसांना भेटवायचं असेल तर भेटणारा खाली बसेल, कडेला तोंड करून. पिल्लू स्वतःहून जाईल. हात डोक्यावरून नको, छातीखालून. तीन सेकंद कुरवाळायचं, मग हात काढून घ्यायचा. पिल्लू पुढे सरकलं तर पुन्हा, मागे सरकलं तर तिथेच थांबायचं. मुलांना हा नियम खेळ म्हणून शिकवा, ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. लहान मुलाला पिल्लू उचलायला मात्र देऊ नका.

खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, किंवा उकडून काटे काढलेला बांगडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. यापेक्षा मोठा केला तर पाच मिनिटांत पोट भरतं. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वरकड होऊ नये. म्हणून घरातल्या सोप्या सरावासाठी त्याच्या रोजच्या जेवणातलाच वाटा वापरा आणि चिकन बाहेरच्या कठीण कामासाठी राखून ठेवा. कांदा-लसणाचं काही नको, मनुका आणि चॉकलेट तर विषच. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार तुटतात.

आता भोंगा. पदेराच्या भोंग्याला घाबरणारं पिल्लू पुढे चवथीला (गणेशचतुर्थीला) काय करेल, हा विचार आजच करायला हवा. चवथ ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात येते, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे जाळतात, मग फेस्तांचे (चर्चच्या उत्सवांचे) आणि नववर्षाचे फटाके. पिल्लू चवथीला चार-पाच आणि दिवाळीला सहा-सात महिन्यांचं असेल, पण त्याची तयारी आत्ताच होते.

मोबाइलवर भोंग्याचा आवाज रेकॉर्ड करा. तो इतका हळू लावा की पिल्लाचा फक्त कान हलेल, अंग ताठ होणार नाही. आवाज आला की एका सेकंदात तुकडा. आवाज थांबला की तुकडेही थांबले. हा क्रम उलटा करू नका. खाऊ आधी दाखवून मग आवाज लावलात तर खाऊच भीतीची पूर्वसूचना बनतो आणि पिल्लू चिकन बघून पळायला लागतं. दिवसातून दोनदा, दर वेळी पाच-सहा आवाज, यापेक्षा जास्त नाही. आवाज आल्यावर पिल्लू आपण होऊन तुमच्या हाताकडे बघायला लागलं, की आवाज किंचित वाढवा. एखाद्या दिवशी दचकलं तर दोन पायऱ्या खाली उतरा. रेकॉर्डिंग जमलं की खरा पदेर, पण घराच्या आतल्या खोलीतून. मग माजघरातून, मग बाल्कांवावरून. पदेर बहुधा तयार असतो: त्याला सांगा की फाटकाशी भोंगा न वाजवता थांब, एक तुकडा जमिनीवर टाक आणि जा. याच पद्धतीने ढोल-ताशे, घुमट हे वाद्य, फटाके आणि ढगांचा गडगडाट करा. फटाक्याच्या आवाजात खोल धमक असते, ती मोबाइलच्या स्पीकरमधून येत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यांत मोठा स्पीकर वापरा.

पावसाळा इथे अडचण वाटतो, पण त्याचा उपयोग करून घेता येतो. पत्र्यावरचा पाऊस, वीज जाऊन येणं, इन्व्हर्टरची पिपाणी हे सगळं घरबसल्या मिळतं. छत्री तेवढी नीट शिकवा, कारण अचानक उघडणारी छत्री पिल्लांना फार घाबरवते. पहिल्या दिवशी मिटलेली छत्री जमिनीवर, तिच्याभोवती तुकडे. मग उघडी आडवी ठेवून तेच. मग तीन मीटरवर, पाठ करून, हळूहळू अर्धी उघडायची. शेवटी नेहमीच्या वेगाने. प्रत्येक पायरीला एक दिवस द्या.

हाताळण्याची सवय गोव्यात तर अपरिहार्य आहे, कारण इथे गोचीड बारा महिने असतात आणि त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्यांचा जीव घेतो. रोज संध्याकाळी दोन मिनिटं कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि जांघेत बोटं फिरवा. स्पर्श आणि मग तुकडा, स्पर्श आणि मग तुकडा. पिल्लाने पाय ओढून घेतला तर धरून ठेवू नका, उद्या घोट्यापर्यंतच जा. असं शिकलेलं कुत्रं पुढे तपासणीच्या टेबलावर चार माणसांनी दाबून धरावं लागत नाही. गोचीड सापडला तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल, चटका, नीलगिरीचं तेल काही नको. गोचिडाचं औषध वय आणि वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या, मोठ्या कुत्र्याच्या औषधातलं अर्धं करून घालू नका. पावसातून आलं की कान आणि बोटांच्या फटी कोरड्या पुसायच्या, हाही याच सरावाचा भाग.

चावणं. या वयात पिल्लू तोंडानेच जग तपासतं. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. हात झटकला की त्याला शिकार पळाल्यासारखी वाटते आणि ते जास्त जोरात येतं. थोबाडात मारलं, नाक दाबलं, तर हात म्हणजे लढाई हे शिकतं. दात लागले की हात जागच्या जागी सैल सोडा, आवाज करू नका, पंधरा सेकंद उठून दुसरीकडे जा, परत येताना तोंडात देण्यासारखं खेळणं घेऊन या. घरातल्या प्रत्येकाने हेच केलं तर तीन-चार आठवड्यांत फरक पडतो. एकानेही हाताने कुस्ती खेळणं चालू ठेवलं तर पडत नाही. ओला पंचा पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवलेला चघळायला उत्तम. नारळाची सोडणं पिल्लांना फार आवडतात, पण देऊ नका. तंतू गिळले जातात, आतड्यात अडकतात आणि ऑपरेशनची वेळ येते. काजूच्या हंगामात परसात पडलेल्या कच्च्या काजूच्या टरफलांवरही नजर ठेवा, त्यातलं तेल तोंड भाजतं.

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू वेडंपिसं होऊन धावतं, घोटे पकडतं, तेव्हा ते बहुतेक वेळा खोडकर नसतं, दमलेलं असतं. या वयाला दिवसाकाठी अठराएक तास झोप लागते. मुलं शाळेतून आली की ती झोप जाते. तासभर जागं राहिलं की त्याला शांत खोलीत, क्रेटमध्ये (झोपायच्या पिंजऱ्यात) किंवा खाटेखालच्या आडोशाला झोपू द्या. झोपलेल्या पिल्लाला कुणी हात लावायचा नाही.

एक गोष्ट गंभीरपणे. खेळतानाही दात लागून रक्त आलं किंवा कातडी खरवडली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा. पिल्लू आपलंच आहे, लहान आहे, म्हणून सोडून देऊ नका. रेबीजची लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत तर अजिबात नाही.

शू-शीचं गणित वेळेचं आहे. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळ थांबल्यावर, आणि एरवी दर पाऊण-एक तासाने. रात्री एकदा-दोनदा. जागा तीच, शब्द तोच, आणि काम झाल्याबरोबर तिथल्या तिथे तुकडा. घरात आल्यावर दिलेल्या तुकड्याचा अर्थ त्याला 'घरात आलो' इतकाच कळतो. पाऊस धो-धो पडत असेल तर पिल्लू बाहेर जाणार नाही, आणि गेलं तरी दाराकडेच तोंड करून उभं राहील. त्यासाठी पागोळीच्या आत दोन-अडीच फूट लांबी-रुंदीचा ट्रे ठेवा, त्यात जिथे बाहेरची कुत्री फिरत नाहीत अशी माती आणि थोडी गवताची चटई. पाऊस ओसरला की ट्रे रोज हातभर अंगणाकडे सरकवा. घरात झालंच तर गाजावाजा न करता आधी कोरडं टिपून घ्या, मग एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. फिनेलने वास आपल्या नाकापुरता दबतो, कुत्र्याच्या नाही. शिवाय ते पायाला लागून चाटलं जातं. नाक घासणं, ओरडणं यातून पिल्लू इतकंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते कपाटामागे करतं आणि बाहेर तुम्ही पट्टा धरून उभे असाल तर करतच नाही.

आजोबांच्या मुद्द्याचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं, कारण गावोगाव हीच समजूत आहे. जन्मभर गेटपाशी साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकतं, पण ते सगळ्यांवरच भुंकतं: पदेरावर, शाळेच्या मुलांवर, वाऱ्यावर. घरचे कान देणं सोडतात आणि खरा परका आला तेव्हाही कुणी उठून बघत नाही. साखळीत पळून जाता येत नाही, म्हणून भीती वाटली की उरतो तो एकच उपाय, चावा. साखळीवरची कुत्री मुलांना चावतात ती यामुळे. रोजची माणसं, रोजचे आवाज ओळखणारं कुत्रं त्यांच्यासाठी डोळाही उघडत नाही आणि रात्री दोन वाजता भाटात (माडांच्या बागेत) पाऊल वाजलं की उठतं. राखणीची वृत्ती गावठी कुत्र्यात असतेच, वर्ष-दीड वर्षात ती आपोआप दिसते. तिच्यासाठी पिल्लूपण तोडण्याची गरज नाही.

शिकवण्याचे धडे तीन ते पाच मिनिटांचे, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणाआधी. पहिल्यांदा 'ये'. घरात एक जण 'ये' म्हणतो, दुसरा 'यो', मुलं 'कम' म्हणतात. कोणताही एक शब्द ठरवा आणि तोच सगळ्यांनी वापरा. दोघं जण खोलीत दोन मीटरवर बसा, एकाने एकदाच हाक मारायची, पिल्लू पोचलं की गळपट्ट्याला हात लावायचा, मग तीन-चार तुकडे एकामागोमाग. गळपट्ट्याला हात आधी, नाही तर पुढे ते तुकडा घेऊन हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहतं. आलं नाही तर पुन्हा-पुन्हा हाका मारू नका. जवळ जा, कमी अंतरावरून पुन्हा करा. आंघोळीला, औषधाला, रागवायला त्या शब्दाने कधीच बोलवायचं नाही, अशा वेळी जाऊन उचलून आणा. लसी पूर्ण झाल्यावर हेच अंगणात, पाठीमागे आठ-दहा मीटरची दोरी सोडून.

दुसरं 'सोड'. मूठ बंद, आत तुकडा. पिल्लू चाटेल, खरवडेल. थांबा. नाक मागे घेतलं त्या क्षणी 'हं' म्हणून दुसऱ्या हातातून तुकडा द्या. मुठीतला कधीच नाही. मग उघडा तळवा, मग जमिनीवर हाताखाली, मग उघडं जमिनीवर आणि पिल्लू पट्ट्यावर. दोन आठवड्यांचं काम आहे. किनाऱ्यावरचे गळ आणि कोंबडीची हाडं, पावसाळ्यातले बेडूक, रस्त्यावर कुणी टाकलेलं काहीबाही, हे सगळं या एका शब्दावर टळतं. 'बस' सोपं आहे: तुकडा नाकापासून डोक्यावरून मागे न्या, ढुंगण आपोआप टेकतं.

शेजारच्या कोंबड्या हा गावातला खरा तंट्याचा विषय. एकदा पाठलागाची गोडी लागली की ती सोडवणं फार अवघड. म्हणून पहिल्या दिवसापासून पट्ट्यावर, वीस मीटरवरून. पिल्लाने कोंबडीकडे बघितलं की 'हं' आणि तुकडा. काही दिवसांत ते कोंबडी दिसली की तुमच्याकडे वळतं. मग दोन-दोन मीटर कमी करा.

जेवताना ताटलीत हात घालून 'सवय' लावू नका. उलट, ते खात असताना जवळून जाताना ताटलीत चिकनचा तुकडा टाका आणि निघून जा. गुरगुरलं तर मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती बंद केली की कुत्रं पुढे सूचना न देता चावतं. अंग ताठ करून, डोळे रोखून, थाळीवर गोठणं वारंवार दिसलं तर वर्तन जाणणाऱ्या पशुवैद्यांना लवकर दाखवा.

एकटं राहणंही शिकवावं लागतं. भरल्या घरात हे सुचतच नाही, आणि मग एखाद्या लग्नाच्या दिवशी पिल्लू दार कुरतडतं. चघळायला देऊन दाराआड तीस सेकंद, मग दोन मिनिटं, पाच, पंधरा. ओरडायला लागण्याआधी परत यायचं. रात्री मात्र पहिले दोन-तीन आठवडे त्याची पेटी तुमच्या बिछान्याशेजारीच असू द्या, मग रोज थोडी लांब.

सहाव्या महिन्यानंतर शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागेल, ओळखीच्या गोष्टींना नव्याने बुजेल. हा वयाचा भाग आहे. फेऱ्या थांबवू नका, अंतर पुन्हा वाढवा. फिरायला सकाळी आठच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर. डांबरावर तळहात सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पायही टेकवता येणार नाहीत.

आणि चवथीच्या फटाक्यांची रात्र. फिरवणं अंधार पडण्याआधी उरका, गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या, दारं-खिडक्या बंद. आतल्या खोलीत जाड पडदा, पंखा, टीव्ही आणि आडोशाची जागा, जिथे ते स्वतः जाईल. ओढून बाहेर काढू नका, देवापुढच्या आरतीला कौतुकाने घेऊन बसू नका. ते जवळ आलं तर कुशीत घ्या. कुरवाळल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक फटाक्यामागे एक चांगला तुकडा द्या, खात असेल तोवर. खाणं बंद होऊन थरथर, लाळ, दार खरवडणं सुरू झालं आणि तासाभरानेही थांबलं नाही, तर नरकासुराच्या रात्रीआधी किमान पंधरा दिवस डॉक्टरांशी बोला. भीती कमी करणारी औषधं आहेत. फक्त अंग गुंगवणारी गोळी नको, तिने हालचाल थांबते, भीती तशीच राहते. मिळालेल्या औषधाची पहिली मात्रा एखाद्या शांत दिवशी देऊन बघा, म्हणजे फटाक्यांच्या रात्री ती त्याला किती लागते ते आधीच कळलेलं असेल.